पलीकडे मिटलेलं पान

केळीचं पान मधल्या शिरेवर एकदाच मिटतं. जेवणाऱ्याने ते स्वतःकडे मिटलं, तर जेवण गोड झालं, संबंध टिकणार. पलीकडे मिटलं, तर ते सुतकाचं जेवण. विटकमसाहेबांनी पान पलीकडे मिटलं आणि रामस्वामीच्या हातातला तुपाचा चमचा हवेतच राहिला.

विटकम विलायतेत मंत्री होते. निवडणुकीत पडले, तेव्हापासून कंपन्यांना सल्ला विकत. नव्या आर्थिक धोरणानंतर असे सल्ले तंजावूरपर्यंत पोचू लागले होते. शिवराज सरांच्या कारखान्यातलं पॅकिंग खातं बंद करायचं का, हे ते सांगणार होते. पण आठवडाभर "अजून अभ्यास हवा" म्हणत होते. त्या खात्याचा प्रमुख रामस्वामी. म्हणून तर त्याने साहेब आणि मालक दोघांना घरी जेवायला बोलावलं होतं.

जेवता जेवता साहेब हसून म्हणालेही होते, "मंत्री असताना एक गिरणी बंद करायला गेलो, तर कामगारांनी मला कोंडून ठेवलं. अजून बंद दार दिसलं की छातीत धडधडतं."

"पान बघितलंस काय?" रामस्वामी स्वयंपाकघरात कुजबुजला. "माझ्या नोकरीचं तेरावं घातलं त्याने!"

"घाबरू नका हो," त्याची बायको गंगाबाई म्हणाली. "जेवण संपलंच नाही, असं धरायचं. नवं पान मांडा."

"कसं मिटायचं ते सांगू काय त्याला?"

"सांगून मिटलेलं चालत नाही. आपण होऊन मिटेपर्यंत वाढायचं."

नवं पान आलं. मतांसाठी दारोदार मिळेल ते खाल्लेले साहेब निमूट जेवले, आणि पान पुन्हा पलीकडे मिटलं.

"ऐय्यो! समोरची वत्सला बघेल," म्हणत गंगाबाईने धावत जाऊन दाराला कडी घातली.

तिसरं पान आलं. साहेबांनी कडीकडे पाहिलं, मग शिवराजांकडे.

"आमच्याकडे पाहुण्याला असं सोडत नाहीत, सर," शिवराज ओशाळून म्हणाले.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. समोर सांबाराचा डाव धरून उभ्या रामस्वामीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. कोण कोणाला जास्त भीत होतं, सांगणं कठीण होतं.

मग गंगाबाई पायसमचं पातेलं घेऊन आली. तिच्या काखेत चौथं पान होतं.

साहेबांनी दोन्ही हात वर केले.

"एकालाही काढू नका!" ते ओरडले. "खातं चालू ठेवा!"