शेवंताकाकूंचा बंदोबस्त

शेवंताकाकू कुणाच्या पुढे चालत नाहीत आणि बरोबरीनेही चालत नाहीत. त्या मागून चालतात. भाजीला निघा, लग्नाला निघा, कुणाच्या मयताला निघा. काकू चार पावलं मागे आणि किंचित डावीकडे. आपण जरा रेंगाळलो की मागून टाळूला जीभ लावून काढलेला 'टॉक' असा आवाज येतो आणि आपले पाय आपल्याला न विचारता चालू लागतात. मी उस्मानपुऱ्यात गणिताचे क्लास घेतो. दहावीची टगी पोरं मला वचकून असतात. पण काकूंचा तो आवाज ऐकला की मीही मुकाट रस्त्याच्या कडेला होतो.

काकू मूळच्या बिडकीनच्या पलीकडच्या वस्तीवरच्या. घर मेंढपाळांचं, उभी हयात कळपामागे गेलेली. चरायची रानं कंपन्यांच्या कुंपणात गेली, मेंढरं विकली, मुलगा कंपनीत लागला आणि त्याने आईला पुंडलिकनगरात, आमच्या शेजारी आणून ठेवलं. मेंढरं सुटली, राखण काही सुटली नाही. आता आमची गल्ली हाच कळप. दिवेलागणीला त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून सगळ्यांना आत घेतात. कोपऱ्यावरचे बँकेतले कुलकर्णी पान खायला परत बाहेर पडू लागले, तर काकूंनी त्यांना दोन्ही हात पसरून मागे वळवलं. कुलकर्णी वळले. नंतर बायकोला म्हणाले, "मी का वळलो तेच कळेना."

तर अशा या काकूंनी, गणेशोत्सवासाठी 'विशेष पोलीस अधिकारी' व्हायला नागरिक हवेत हे कळताच, पोलीस ठाण्यात जाऊन नाव दिलं. माझं नाव माझ्या बायकोने दिलं. कारण माझं पोट.

"काकू, तुम्हाला कशाला हवी ही उठाठेव?" मी विचारलं.

"टोपी भेटती," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "बंदोबस्तावर चहा फुकट असतोय." तिसऱ्या दिवशी, "सून जरा दबून राहील." सून बिचारी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. मी नाद सोडला.

मैदानावर रोज सकाळी प्रशिक्षण असे. शिकवायला जाधव फौजदार. माणूस सज्जन, पण शिस्तीचा. बोलताना प्रत्येक वाक्याला मनातल्या मनात क्रमांक देत असावा. पहिल्याच दिवशी त्यांनी काकूंची काठी जप्त केली.

"आपण जनतेचे मित्र आहोत. काठी चालणार नाही."

"काठीबिगर मला उघडं उघडं वाटतंय, साहेब."

"सवय होईल."

दुसऱ्या दिवशी शिट्ट्या वाटल्या. काकूंनी शिट्टी उलटसुलट करून पाहिली, फुंकली आणि नापसंतीने पदराला बांधून टाकली. "ह्यात दम नाय," म्हणाल्या, आणि स्वतःची 'हुर्रर्र' अशी हाळी दिली. मैदानात कवायत करणारी शाळेची पोरं जागच्या जागी थांबली. त्यांचे सरही थांबले.

मग आला बेवारस वस्तूंचा धडा. हात लावायचा नाही, लोकांना लांब ठेवायचं, आम्हाला कळवायचं. त्याच संध्याकाळी मी क्लासवरून आलो तर अर्धी गल्ली रस्त्याच्या एका बाजूला उभी, काकू मध्ये हात पसरून, आणि पलीकडे कट्ट्यावर एक निळी पिशवी. माझीच. सकाळी गप्पांच्या नादात मी जेवणाचा डबा तिथेच विसरलो होतो.

"काकू, ती माझी पिशवी आहे!"

"मला ठावं हाये ना, मास्तर. सकाळीच वळखली. पर साहेबानं सांगितलंय, हात लावायचा नाय."

पोलीस येईपर्यंत, प्रशिक्षण न घेतलेल्या एका कुत्र्याने पिशवी तपासली आणि आतली मेथीची भाजी-भाकरी खाऊन धोका संपवला.

इथवर जाधवसाहेबांनी सगळं हसण्यावारी नेलं. घोटाळा झाला तो शेवटच्या सरावाला. दोन मंडळांच्या मिरवणुका समोरासमोर येऊन एकमेकांत मिसळल्या, तर त्यांना भांडण न होऊ देता वेगळं कसं करायचं, हा तो सराव. अर्धे जण एक मंडळ, अर्धे दुसरं. आम्ही सगळ्यांनी एकमेकांत घुसून यथेच्छ धक्काबुक्की चालवली होती. नियमाप्रमाणे काकूंनी दोर धरून गोड आवाजात "कृपया" म्हणायचं होतं.

पण दोन कळप मिसळले की मेंढपाळ "कृपया" म्हणत नाही. तो आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करतो, म्हणजे निवडणं सोपं जातं. काकूंनी कनवटीची पुडी काढली. आत कालवलेला गेरू. बघता बघता त्या गर्दीतून फिरल्या आणि एका मंडळाच्या पाठींवर बोटभर लाल पट्टे ओढत सुटल्या. पांढरे शर्ट, चौकड्यांचे शर्ट, आमच्याबरोबर नाव दिलेल्या कुलकर्ण्यांचा नवा टी-शर्ट. "अहो, हे काय चाललंय?" असं ओरडत जाधवसाहेब मध्ये शिरले. मध्ये जो शिरेल तो कळपातला. त्यांनाही एक पट्टा मिळाला आणि त्यांना तो कळलाही नाही.

नेमकी त्याच वेळी वरिष्ठ साहेबांची गाडी आली. जाधवसाहेबांनी कडक सलाम ठोकला आणि आम्हाला 'सावधान' करायला गर्रकन मागे वळले. खाकी पाठीवर लालभडक गेरू.

वरिष्ठांनी चष्मा सारखा केला. "जाधव," ते म्हणाले, "तुम्ही कोणत्या मंडळाचे?"

आम्ही हसू दाबलं. जाधवसाहेबांना काही हसू आलं नाही. गाडी गेल्यावर ते काकूंपुढे हात जोडून उभे राहिले. "काकू, तुम्ही घरीच बऱ्या. तुमचं नाव कमी करतो."

आम्हाला वाटलं, काकू भांडतील. पण त्यांनी पदराची शिट्टी सोडून साहेबांच्या हातावर ठेवली आणि निघाल्या. त्या दिवशी घरी जाताना मी त्यांच्या पुढे मुद्दाम रेंगाळलो. मागून आवाज आला नाही. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी कुणी नसे. पोरं वेळी-अवेळी हुंदडू लागली, कुलकर्णी दोनदोनदा पान खाऊन आले आणि कुणालाच त्यात मजा वाटेना. शेवटी काकूच एका सकाळी माझ्या दारात उभ्या राहिल्या. "चला मास्तर, साहेबाकडं. मला नीट बोलता येत नाय."

पोलीस ठाण्यात मला तोंड उघडायची वेळच आली नाही. काकूच म्हणाल्या, "साहेब, गर्दीत उभी करू नका. दोर देऊ नका, शिट्टी बी देऊ नका. हरवलेली लेकरं जिथं बसवता ना, तिथं मला बसवा. तेवढं करा. मी हात जोडते."

ती ड्युटी कुणी मागत नाही. आम्हा सगळ्यांना पाहुण्यांच्या स्टेजजवळ उभं राहायचं होतं, फोटोत यायला. रडणाऱ्या पोरांपाशी बसायला कोण तयार? जाधवसाहेबांनी टोपी आणि दंडावर बांधायची फीत काढून दिली. "गेरू नाही," म्हणाले.

"शप्पथ नाय," काकू म्हणाल्या.

विसर्जनाच्या दिवशी मीही स्टेज सोडून तिथेच गेलो. माझ्या पोटामुळे मी फोटोत एकट्यानेच दोघांची जागा घेत होतो, असं आयोजकांचं म्हणणं पडलं. विसर्जन विहिरीच्या अलीकडे छोटा मांडव, चार खुर्च्या, एक माइक. माइकवर नावं पुकारायचं काम माझं. काकू टोपी घालून सतरंजीवर, भोवती तीन-चार रडकी पोरं, प्रत्येकाच्या हातावर गोडीशेव.

तिथेही काकूंनी आपला एक नियम काढलाच. पोराला न्यायला कुणी आलं की पोराचा हात त्या सोडत नसत. आधी विचारत, "कामून आलास?"

पहिला बाप रिक्षावाला होता. घामाघूम होऊन आला. काकूंनी विचारलं, "कामून आलास?"

"कायकू मतलब? मेरा बच्चा है अम्मा!"

"ते दिसतंय. पर कामून आलास?"

"बच्चे को लेने आया, और कायकू आऊंगा!" तो ओरडला.

"हां. आता ने," काकू म्हणाल्या आणि पोराचा हात त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या पोराची आई चिडली, तिसऱ्याच्या आजोबांनी साहेबांकडे तक्रार करण्याची धमकी दिली. मी म्हणालो, "काकू, पुरे की. ओळख पटली ना? मग हा काय छळ?"

मांडवात तेव्हा एकच मुलगी उरली होती, गुलालाने माखलेली, पाचेक वर्षांची. काकू तिच्या केसांतला गुलाल झटकत होत्या.

"मास्तर, मी हिच्यावढी असन. तळ हालला, आमचा मुक्काम उठला. बाजाराच्या गावातून मेंढरं चालली व्हती. मी बांगड्या बघत ऱ्हायले आन् कळप म्होरं गेला. एका हवालदारानं मला चौकीत नेलं. गोडीशेव दिली. दिवसभर दाराकडं बघत बसले. सांजच्याला बाप आला. मी पळत गेले."

"बरं झालं."

"ऐका तर. बाप हवालदाराला म्हणला, 'साहेब, एक कोकरू हुकलंय, हिकडं आलं का?'" काकू हसल्या. "मग मी दिसले. म्हणला, 'अगं, तू हितं व्हय?' मेंढरं मोजली व्हती ना. पोरं कोण मोजतंय?"

मला हसताही येईना.

"बाप वाईट नव्हता, मास्तर. एका खांद्यावर कोकरू घेतलं, दुसऱ्यावर मला. पर हवालदार म्हणला त्याला, 'हिला न्यायला आलो, आसं म्हण की रं येकदा.' बाप नुस्ता हसला. म्हणला नाय."

मी माइक खाली ठेवला. एवढ्यात गर्दी कापत एक बाई धावत आली. पदर खांद्यावरून उतरलेला, तोंड रडून सुजलेलं. मुलीला ओढून घ्यायला तिने हात पुढे केला. काकूंनी मुलीचा हात सोडला नाही.

"कामून आलीस?"

बाईने एकदा काकूंच्या टोपीकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मटकन खाली बसली. "हिच्यासाठी आले हो," ती हुंदके देत म्हणाली, "माझ्या पिंकीला न्यायला आले."

काकू मुलीकडे वाकल्या.

"ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "जा आता."