धुतलेला रंकाळा

शाहू महाराजांच्या राज्यातली गोष्ट. निसार रंगाऱ्यानं पन्नाशी गाठल्यावर चित्र काढायचं मनावर घेतलं. तसं कारण काही मोठं नव्हतं. एका पहाटे फेटे धुवायला म्हणून तो रंकाळ्यावर गेला आणि धुणं बाजूला ठेवून नुसताच बसून राहिला. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नव्हतं. पलीकडची झाडं कुणी तरी श्वास सोडून काढावीत तशी दिसत होती. आयुष्यभर लोकांनी सांगितले ते रंग त्यानं दिले होते, कुणाला लाल, कुणाला मोतिया. हा रंग कुणी मागितलाच नव्हता. उन्हं चढली, धुकं गेलं, आणि फेटे तसेच न धुता तो घरी आला. (बायकोनं काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही.)

मग तो ड्रॉइंगच्या दादासो मास्तरांकडं गेला. मास्तर मऊ बोलणारे, पण आपल्या विद्येच्या बाबतीत कडक. त्यांनी मुंबईहून मागवलेली पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत साबणाच्या चिपांएवढ्या बारा रंगांच्या वड्या. शेजारी खारीच्या केसांचा कुंचला. (मास्तर जैन. त्या खारीची ते रोज सकाळी क्षमा मागत, असं ऐकलं आहे.) जाड कागद आधी भिजवायचा, कडेनं खळ लावून फळीवर ताणून चिकटवायचा, ओला असतानाच त्यावर आभाळ सोडायचं, आणि मग हात आवरून थांबायचं, असं सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. निसारनं पेटीत पांढरा रंग शोधला. तो नव्हताच.

"पांढरा कागदातच असतो," मास्तर म्हणाले. "तेवढा राखायचा. पेटी घेऊन जावा, शुक्रवारी सांजच्याला एक चित्र करून आणा. पसंत पडलं तर शिष्य करून घेतो. न्हाई पडलं तर पेटी परत."

निसारला रात्रंदिवस तेवढंच दिसू लागलं. पेटी परत द्यायची नव्हती.

पण रंगाऱ्याचा हात तो. फेट्यावर तिळाएवढा पांढरा ठिपका राहिला तरी गिऱ्हाईक फेटा तोंडावर फेकतं, हे त्याच्या बोटांना तीस वर्षं पाठ झालेलं. आभाळ सोडलं, सुंदर पसरलं, कडेला जरा पांढरं राहिलं. ते त्यानं भरलं. तळ्याचं पाणी केलं, मधे उजेडाची एक पट्टी राहिली. तीही भरली. सूर्य तर राखायचाच म्हणून ठरवलेलं, पण जेवून आल्यावर तो उघडा बघवेना. शुक्रवारी दुपारी चित्र संपलं तेव्हा रंकाळा असा गच्च झाला होता की म्हशीनं पाय ठेवला असता तर बुडाली नसती. तरी निसार खूश. फळी परसात सावलीला ठेवून तो जुम्म्याच्या नमाजाला गेला.

परत आला तर फळी मोकळी. वरच्या दोरीवर दोन लाल फेटे, एक हिरवा, आणि त्यांच्या मधे चित्र. टपटप गळत होतं.

त्याची बायको मेहमुदा भट्टीपाशी पाय पसरून बसली होती. तिनं न विचारताच सांगितलं की कसला कच्चा रंग दिलतासा, बोट लावलं तर बोटाला आला. म्हणून तिनं तो कागद तीन पाण्यांतून काढला, निथळ पाणी येईस्तोवर. रंगाऱ्याच्या घरात ओला कच्चा रंग दिसला की बाई दुसरं करणार तरी काय?

"आनि तुरटीच्या पान्यातनं बी काढलाय," ती म्हणाली. "आता जन्मात जायाचा न्हाय."

निसार उंबऱ्यावर बसला. बराच वेळ तो वर बघेना. मग उठून चित्राकडं पाठ करूनच त्यानं ते उतरवलं, गुंडाळलं, आणि पेटी काखेत मारून मास्तरांकडं निघाला.

मास्तरांनी चष्मा लावला. कागद उलगडला. खिडकीपाशी नेला. निसार पेटी कुठं ठेवावी म्हणून कोनाडा शोधत होता.

"हे धुकं कसं आणलंसा?" मास्तरांचा आवाज अगदी खाली गेला होता.

तेव्हा कुठं निसारनं नीट पाहिलं. पाणी कुठं संपतं ते कळत नव्हतं. झाडं श्वासासारखी. आणि मधोमध, जिथं त्यानं सगळं लिंपलं होतं तिथं, सूर्य आला होता. त्याला खरं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "सरावानं."

"मग आत्ता माझ्यासमोर करा," मास्तर म्हणाले.

त्यानं केलं. भरभर रंग दिला, मास्तरांचा तांब्या उचलला आणि मेहमुदानं ओतलं असेल तसं पाणी ओतलं. आभाळ घसरलं, झाडांना घेऊन तळ्यात गेलं, तळं काठ सोडून मास्तरांच्या चटईवर उतरलं. कागद कोरा करकरीत राहिला. मास्तरांनी तोही उजेडात धरून पाहिला.

"ह्यात पांढरा चांगला राखलाय," ते म्हणाले. "आता सांगा, पहिलं कुणी धुतलं?"

निसारनं सांगितलं. मास्तरांनी बायकोला घेऊन या म्हणून सांगितलं, आणि मेहमुदा फार आढेवेढे न घेता आली. तिनं आधी मास्तरांच्या आडाचं पाणी जिभेवर घेतलं आणि थुंकून टाकलं. खारट पाण्यात रंग फुटतो, आपल्या घरच्याच आडाचं पाहिजे, असं तिनं मास्तरांना तोंडावर सांगितलं. मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढं ठरलं ते असं, की निसारनं नेहमीसारखं दाट लावायचं आणि बाकीचं मेहमुदानं बघायचं.

पुढच्या शुक्रवारी पत्र्याची पेटी घेऊन मेहमुदा पुढं चालली होती. मागून दोन्ही हातांत पाण्याच्या भरल्या घागरी घेऊन निसार. वाटेत ज्ञानू तेली भेटला.

"निसारभाई, कुठं लगीन हाय का?"

"न्हाय. चित्रकला शिकाय चाललोय."

"आनि वस्ताद कोन?"

निसारचे हात मोकळे नव्हते. त्यानं हनुवटीनं पुढं दाखवलं.