मास्तरांचा परदेशी ससाणा

शिकारी पक्ष्यांचं मला सगळं कळतं! निदान अठ्ठावन्न सालच्या शिमग्यापर्यंत तरी कळत होतं. मालवणच्या शाळेत मी भूगोलाचा मास्तर. त्यात मुंबईहून पक्ष्यांवरचं एक पुस्तक आणलेलं, मग काय विचारता! ससाणे थंडीत उत्तरेकडून आपल्या किनाऱ्यावर येतात आणि ऊन तापलं की परत जातात, हे मी अख्ख्या बंदराला सांगत सुटलो.

एखाद्या ससाण्याच्या पायाला खूण बांधायची आणि तो कधी जातो, कधी येतो ते टिपायचं, असा माझा बेत. काठीवर टेकवलेल्या टोपलीखाली बांगडा ठेवला, दोरी ओढली आणि पक्षी अडकला! माझे दोन्ही हात ओरबाडले, पण सोडतो कोण? आता खूण लांबून दिसायला हवी. घरात लालभडक असं एकच होतं: सुगंधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाडव्यासाठी पेटीत ठेवलेलं कोरं लुगडं. त्याच्या काठाची हातभर पट्टी मी कापली. एवढ्या मोठ्या लुगड्यात हातभर काठ कोण शोधतो!

पट्टी फडकवत पक्षी उडाला. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, मालक काशीराम डोळ्यांवर हात धरून बघत होते.

"मास्तरानू, ही घार नाय?"

"घारीसारखा दिसतो. तीच तर त्याची लबाडी! पाडव्यापर्यंत हा हिमालयापलीकडे गेला नाही, तर मिशी उतरवीन!"

शाळेतली अर्धी शिस्त त्या मिशीवर चालायची, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

पाहुणा काही हलेना! रोज रापणीवर हजर. मासे विकणारी हौसाबाई तर माझ्या दारातच आली.

"माझे पेडवे खाल्ल्यान! तुमचो पावणो जातलो कधी?"

"लांबचा प्रवास आहे. खाऊन घेतोय!"

"माझो धंदो खावन?"

पाडवा आला तशी काशीरामांना माझी दया आली. "मुंबैक जाणाऱ्या माणसाक आपण देवाक गाराणा घालून धाडतो. ह्येका कोणी घातला? म्हणान अडाकलो हा!"

सगळ्यांना पटलं. भूगोलाच्या मास्तरालाही पटलं!

पाडव्याच्या सकाळी किनाऱ्यावर नारळ ठेवला. काशीरामांनी हात जोडले. "बा देवा महाराजा! ह्या तुझा लेकरू परमुलखाक जाता हा. तेका सुखरूप ने, आणि येळेवर परत हाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.

आणि काय आश्चर्य! पक्षी हौसाबाईचा एक पेडवा उचलून थेट उत्तरेकडे निघाला. "बघा!" मी मिशीला पीळ दिला.

उत्तरेला हिमालय आहे, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. त्याच्या अलीकडे माझं घर आहे, हे विसरलो. आम्ही मागोमाग धावलो, तर पक्षी माझ्याच परसातल्या माडावर उतरला. घरट्यातून दोन पिल्लांनी चोची वासल्या. पंधरवडाभर मी क्षितिज न्याहाळत होतो, माड सोडून! आमच्या मालवणची अस्सल घार, संसार थाटून बसलेली!

माडाखाली सुगंधा उभी होती, हातात उलगडलेलं लुगडं. तिनं घारीच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घारीन माझा लुगडा नेसला. आता मी काय नेसू?"

मिशी त्याच दिवशी उतरली. आणि त्याच दिवशी उत्तरेकडचं खरंखुरं स्थलांतरही बघायला मिळालं: मालवणहून जामसंडे, माहेरी!

मिशी पुन्हा उगवली, तरी मंडळींचा पत्ता नाही. शेवटी नारळ घेऊन काशीरामांकडे गेलो. म्हटलं, परतीचं गाऱ्हाणं घाला.

त्यांनी नारळ हातातसुद्धा घेतला नाही.

"नारळान भागाचा नाय, मास्तरानू. लुगडा हाडा!"