भिंतीवरची सासू

वीरेशची बायको सुधारानी गेली; तिची शिवगणाराधना, म्हणजे लिंगायतांतलं दिवसकार्य, दोन दिवसांवर आली, आणि पाटावर मांडायला तिचा एकही फोटो घरात सापडेना. घर टीव्ही डायरेक्टरचं!

वीरेशने चिटगुप्प्यात लग्नांच्या शूटिंगपासून सुरुवात केली. मग बिदरला केबलच्या बातम्या, मग बेंगळुरूत आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली, आणि आता स्वतःची कन्नड मालिका. लग्नांच्या दिवसांत लाइट सुधारानी धरायची, म्हणून शंभर कॅसेटांत ती कुठेच नव्हती. पुढे मोबाइल आले, तर ती पदर तोंडावर घ्यायची. "मला कामून काढायलास? हिरॉईनी मेल्या काय?"

"आधार कार्डावरचा घे की," वीरेशची थोरली बहीण यल्लम्मा म्हणाली. वीरेशने तो मोठा करून आणला.

"ही सुधा व्हय? मला तर सिद्धलिंगमामा दिसायलाय!" मग तिलाच आठवलं. "अरे, तुझ्या सिरियलीत हाय की! मेलेली सासू!"

ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी मालिकेतल्या सासूच्या फोटोसाठी ठरलेली बाई ऐन वेळी आली नाही. वीरेशने सुधारानीलाच खुर्चीवर बसवलं.

"हसू नको. मेलेली हैस तू."

"मेल्यावर तरी हसू दे की," म्हणत ती हसलीच. फोटो तसाच प्लॅस्टिकच्या हारासकट सेटच्या भिंतीवर गेला. दर सणाला ती विचारायची, "माझा हार कधी काढतूस?"

"सिरियल संपली की."

मालिका काही संपली नाही.

वीरेशने मालिकेच्या मॅनेजरला फोन करून तो फोटो मागितला. "सर, मोबाइलवर पाठवतो. उद्या सून त्या फोटोसमोर रडणार आहे."

"तिला दुसरीकडे रडू दे. फोटोच पाठव."

आराधनेच्या सकाळी फोटो बेंगळुरूहून बसने आला. माणसं जमली होती. धुळीने काळा पडलेला हार बघून एक म्हातारी कुजबुजली, "हिला जाऊन लई दिवस झाले म्हणा की."

वीरेशने हार उतरवला, तोच मॅनेजरचा फोन आला.

"सर, भिंत रिकामी दिसतेय. लेखक म्हणतो, सासू मेलीच नव्हती, श्रीशैलला गेली होती, असं करू. करू का जिवंत?"

वीरेशने हातातल्या हाराकडे पाहिलं. "करा," तो म्हणाला.

यल्लम्मा शेवंतीचा हार घेऊन आली. "सरक, घालू दे."

"थांब अक्का."

"कामून? माणसं खोळंबलीत."

तो खाली बसला. जुना हार मांडीवर घेऊन फोटोकडे बघत राहिला. सुधारानी हसत होती.

"आता घाल," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.