साहेब घर बघायला येतात

"साहेबांना पटवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! तू फक्त मध्ये लुडबुडू नकोस!" सूनबाईंनी नवऱ्याला बजावलं.

पटवायचं होतं ते एवढंच, की मंगळवारी आणि गुरुवारी घरून काम करू द्या. सासूबाईंच्या पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि एकटीनं उठायची त्यांना सक्त मनाई होती. बाकीचे दिवस नवरा आणि नणंद सांभाळत, पण हे दोन दिवस काही केल्या कुणालाच जमेनात. परवानगी मिळाली तर ठीक, नाहीतर नोकरीला रामराम! आणि सूनबाईंचा तर आपल्या कामावर भारी जीव. औषधांची, बुटांची पुठ्ठ्याची खोकी त्या कॉम्प्युटरवर बसून आखायच्या. ते काय, घरूनही होतंच की!

पण साहेब पडले एक नंबरचे संशयी. रोज सकाळी ऑफिसच्या दारात, घड्याळाखाली उभे राहून येईल त्याला विचारायचे, "उशीर का झाला?"

"घरी माणसं काम करत नाहीत, लोळतात!" ते म्हणाले. "मी स्वतः येऊन बघतो."

झालं! घरात एकच धांदल उडाली. टीव्हीची वायर निघाली. सासूबाई हाक मारायला वाटीवर चमचा बडवायच्या, ती वाटीही जप्त झाली. कामाचं टेबल नव्हतंच, म्हणून सूनबाईंनी नमुन्याची खोकी रचली आणि वर चादर अंथरली.

"अगं, हे पडेल," नवरा म्हणाला.

"खोकी मी आखलीत! हत्ती बसला तरी हलायची नाहीत!"

हत्तीची गरजच पडली नाही. साहेब आले, त्यांनी चहाचा कप ठेवला, कोपर टेकलं आणि टेबल धाडकन खाली! चहा साहेबांच्या पँटवर. सूनबाई फडकं आणायला स्वयंपाकघरात धावल्या, साहेब न्हाणीघर शोधत निघाले आणि भलतंच दार उघडून थेट सासूबाईंपुढे उभे राहिले.

त्या दिवशी सासूबाईंच्या पायाचा व्यायाम घ्यायला नवा माणूस यायचा होता. त्यांनी साहेबांना नखशिखांत न्याहाळलं आणि कडाडल्या, "उशीर का झाला?"

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न स्वतःवरच आल्यावर साहेबांची बोबडी वळली. "माफ करा... रस्त्यात जरा..."

"सबबी नकोत! पाय धरा!"

सूनबाई फडकं घेऊन आल्या, तर साहेब बाह्या सरसावून जमिनीवर बसलेले, आणि सासूबाई ओरडताहेत, "गुडघा सरळ! लक्ष कुठाय तुमचं?"

"चुकलो," साहेब म्हणाले.

गेली नोकरी! सूनबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. "अहो आई, हे माझे साहेब आहेत!"

"साहेब? तरीच यांना काम येत नाही!"

साहेब हळूच उठले. कपाळावरचा घाम पुसला. सूनबाईंनी तर डोळेच मिटून घेतले.

"मंगळवार-गुरुवार घरून काम करा. मंजूर!"

"साहेब, खरंच?"

"अहो, या घरात लोळायची कुणाची टाप आहे? मला धड उभंही राहू दिलं नाही!"

सूनबाईंचा जीव भांड्यात पडला. साहेबांची पाठ वळताच त्यांनी सासूबाईंना घट्ट मिठी मारली आणि खुशाल रडून घेतलं. "पाय, पाय! सांभाळ!" सासूबाई ओरडत राहिल्या, पण डोळे त्यांचेही ओलावले होते.

मंगळवार उजाडला. सूनबाई जांभई देत, केसही न विंचरता, आरामात कॉम्प्युटरपाशी आल्या. पाहतात तो समोर भिंतीवरच्या घड्याळाखाली, नवऱ्यानं जाताना बसवून दिलेल्या खुर्चीत सासूबाई हजर! हातात वाटी-चमचा.

"उशीर का झाला?"

"आई, तुमचाच चहा करत होते!"

"सबबी नकोत! संध्याकाळी साहेबांचा फोन यायचाय मला." आणि वाटीवर चमचा वाजला, टण्!

दिवसभर सूनबाईंनी मान वर केली नाही. बुधवारी सकाळी मात्र त्या गाणं गुणगुणत ऑफिसला निघाल्या. शेजारीण दारातच होती. तिनं विचारलं, "काय हो, सुट्टी वाटतं आज?"