डॉक्टरांचं बटण

सासूबाई लेकीकडे राहायला आल्यापासून त्याला शेजारीपाजारीही जावईबापूच म्हणू लागले होते. त्या दिवशी सुट्टी होती आणि जावईबापूंच्या अंगात सफाई संचारली होती.

बायको दवाखान्यात नर्स. ड्युटीवर निघताना तिने स्पिरिटची बाटली त्याच्या हातात ठेवली. "काचेवरच्या स्टिकरचा चिकटा याने जाईल. पण खिडकी उघडी ठेव, गॅसपाशी नेऊ नकोस. आणि प्लास्टिकला किंवा पॉलिशला लावायचं झालं तर आधी कोपऱ्यात थोडं लावून बघ."

"हो गं, लहान आहे का मी?"

खिडकी त्याने उघडली. बरणीवरचा चिकटा एका फटक्यात गेला आणि त्याला हुरूप चढला. मग त्याने सासऱ्यांच्या फोटोची फ्रेम घेतली. ती काच नव्हती, काचेसारखं प्लास्टिक होतं. कोपऱ्यात बघायचं राहूनच गेलं. दोनदा बोळा फिरवताच सासरे दाट धुक्यात उभे असल्यासारखे दिसू लागले. घाबरून त्याने ओला बोळा टेबलावर टाकला, तर तिथलं पॉलिश पांढरं पडलं. तो डाग झाकायला त्याने सासूबाईंचा फोन उचलून त्यावर ठेवला. फोन मळकट दिसला, म्हणून तोही पुसला.

फोन लख्ख झाला. बटणांवर लेकीने मार्करने लिहिलेली नावंही लख्ख झाली.

सासूबाईंना आकडे दिसत नसत. दाबताच थेट फोन लावणारी, मोठ्या अक्षरांतली ती सहा बटणं हाच त्यांचा जगाशी संबंध. कुठलं कोणाचं ते बघायला त्याने पहिलं बटण दाबलं. बायकोने उचललं.

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. सहजच केला."

"ड्युटीवर सहज करू नकोस रे."

पुढचं बटण दाबायची त्याची छाती झाली नाही. मार्कर शोधून त्याने बाकीची नावं अंदाजाने लिहिली आणि हात धुऊन पेपर वाचत बसला.

दुपारची झोप आटोपून सासूबाई बाहेर आल्या, त्या गुडघा धरूनच. त्यांनी डॉक्टरांचं बटण दाबलं. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा स्पीकर कायम चालू. पलीकडून बाईचा आवाज आला. डॉक्टरांकडे फोन बाईच उचलायची.

"गुडघा परत धरलाय हो," सासूबाई म्हणाल्या. "जिना उतरवत नाही."

मग आवाज आला, "वय किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"नक्की?"

"डॉक्टरांशी कशाला खोटं बोलू?"

पलीकडची बाई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. तो ठसका ऐकून सासूबाई ताठ झाल्या. पेपरामागे जावईबापूंना घाम फुटला. ती सासूबाईंची धाकटी बहीण होती. एका लग्नात चारचौघांत तिने थोरलीचं खरं वय सांगितलं होतं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. तरी लेकीने मावशीचं एक बटण ठेवलंच होतं.

"तुला कोणी सांगितलं उचलायला?" सासूबाई गुरकावल्या.

"फोन तू केलायस, ताई." धाकटीचा आवाज बारीक झाला. "माझाही गुडघा धरलाय. डावा."

"माझा उजवा." सासूबाई हळूच खुर्चीत बसल्या. "शेकतेस का?"

संध्याकाळी बायको आली. वास, धूसर फ्रेम, पांढरं टेबल, नवऱ्याचं वळणदार अक्षर, एकेक करत तिने सगळं पाहिलं. त्याने गुन्हा कबूल करायला तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या.

"त्यांना काही बोलू नकोस. तुझी मावशी परवा येतेय राहायला."

बायको बघतच राहिली. मग तिने मार्कर घेतला. "निदान नावं तरी नीट लिहिते."

"बाकीची लिही," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांचं आहे तिथेच असू दे. त्या औषधाने गुडघा बरा वाटतोय."