घाटोळ्यांची वाटी

आमचे शेजारी घाटोळे माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी गुडघा. आमच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सातमध्ये कोणी जरा लंगडताना दिसला, की हे स्कूटर थांबवणार. "वाटी दुखून राहिली का?" आणि उत्तराची वाट न बघता सुरू. नॉर्वेत तिला क्नेस्कोल म्हणतात. क्ने म्हणजे गुडघा, स्कोल म्हणजे वाटी. "म्हणजे आपली गुडघ्याची वाटीच ना हो. जगात कुठंबी जा, वाटी ते वाटी."

घाटोळ्यांनी लग्न केलं नाही, वेळ भरपूर. गुडघ्याच्या वाटीला तेलुगू शेजाऱ्याने त्यांना 'चिप्पा' म्हणजे वाटीच सांगितलं, मल्याळी फोरमनने करवंटी. लोक कौतुकाने ऐकतात आणि माझं पित्त खवळतं. कारण कारखान्यातल्या आमच्या मिलमधून रशियाला पुष्कळ जण गेले, पण नॉर्वेचं ट्रेनिंग एकदाच आलं आणि माझं नाव ठरलं होतं. ऐन वेळी साहेबांनी घाटोळ्यांना पाठवलं. महिनाभर राहून हा गृहस्थ एक शब्द घेऊन आला! मी निदान कॅमेरा तरी आणला असता.

या हिवाळ्यात माझाच गुडघा सुजला. बायको वाटीत तेल कोमट करून चोळत बसली होती. तेवढ्यात घाटोळे आले, टेकले आणि क्ने म्हणजे गुडघा यावर आलेच. मी चिडून विचारलं, त्या शब्दाखेरीज नॉर्वेत पाहिलं तरी काय?

"छत," ते म्हणाले. "दवाखान्याचं."

पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ते बर्फावर घसरले होते. वाटी फुटली. सारा महिना पलंगावर गेला. कोणाची भाषा कळेना, भेटायला कोणी येईना. एका नर्सने त्यांच्या गुडघ्यावर बोट ठेवून तो शब्द म्हटला, मग सूपची वाटी उचलून दाखवली. परदेशाहून आलेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने सांगावं, म्हणून इतकी वर्षं ते गप्प होते.

"तेवढंच एक बोलणं झालं माझ्यासंग," ते म्हणाले. मग बायकोच्या तेलकट हाताकडे बघत राहिले. "मले तुमचा लय हेवा वाटते, भाऊ. माझ्या वाटीले तेल लावाले घरी कोण हाये?"

माझा हेवा! हसायला हवं होतं, पण हसू आलं नाही. मी तेलाची वाटी पुढे ओढली आणि त्यांना पायजमा वर करायला सांगितलं. नाही नाही म्हणत त्यांनी केला. टाक्यांचा जुना वण होता.

माझ्याऐवजी नॉर्वेला गेलेला गुडघा मी पहिल्यांदाच बघत होतो. हात लावला, तर थंडगार होता.